नकाशावर होती, तरी सापडली: न्यूयॉर्कच्या आफ्रिकी दफनभूमीचं प्रकरण

न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन बेटाच्या दक्षिण भागात, सिटी हॉलपासून हाकेच्या अंतरावर, ब्रॉडवे, ड्वेन, एल्क आणि रीड या चार रस्त्यांच्या मधल्या जागेत अमेरिकेच्या केंद्र सरकारला चौतीस मजली कार्यालय बांधायचं होतं. सरकारच्या इमारती पाहणारं खातं म्हणजे जनरल सर्व्हिसेस अॅडमिनिस्ट्रेशन. त्याने जागा घेतली, आराखडे झाले, पैसा मंजूर झाला. १९६६ च्या राष्ट्रीय ऐतिहासिक वारसा जतन कायद्याच्या १०६ व्या कलमाप्रमाणे केंद्राच्या पैशाने काही बांधायचं तर आधी त्या जागेत ऐतिहासिक महत्त्वाचं काही आहे का, हे तपासावं लागतं. तसा कागदोपत्री अभ्यासही करून घेतला गेला.

त्या अभ्यासात वसाहतकाळातल्या आफ्रिकी माणसांची दफनभूमी सापडली होती. १७५५ च्या, फ्रान्सिस मार्शल्क याच्या शहराच्या नकाशात ती नावानिशी दाखवलेली आहे. म्हणजे १९९१ मध्ये तिथे सांगाडे निघाले, त्याला ‘अचानक लागलेला शोध’ म्हणताना जरा थांबायला हवं. जागा कुठे होती हे माहीत होतं. त्या जागेत आता काही उरलं असेल, असं मात्र कोणी धरलं नव्हतं. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात तिथे इमारतींवर इमारती उठल्या, त्यांची तळघरं खोदली गेली. त्यात हाडं कधीच नाहीशी झाली असणार, असा निष्कर्ष निघाला. चार रस्त्यांमधल्या त्या जागेतून जाणाऱ्या एका जुन्या बोळावर कधी इमारत उभी राहिली नव्हती. फार तर त्या पट्ट्यात काही थडगी टिकली असतील, एवढीच शक्यता अहवालात नोंदवली गेली.

१९९१ च्या उन्हाळ्यात चाचणीसाठी खड्डे घेतले गेले आणि माणसांची हाडं लागायला लागली. पुढे पूर्ण सांगाडे निघाले. ऑक्टोबरमध्ये सरकारने ही गोष्ट जाहीर केली. तोवर कंत्राटं दिलेली होती आणि यंत्रं जागेवर उभी होती.

अंदाज कुठे चुकला

या प्रकरणातला हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण चूक अज्ञानातून झालेली नाही. हिशेबात जमिनीचा उतार धरायचा राहिला.

आज तो भाग सपाट दिसतो. अठराव्या शतकात तिथे उतार होता आणि तो ‘कलेक्ट पाँड’ नावाच्या गोड्या पाण्याच्या तळ्याकडे जात होता. या सखल, वस्तीबाहेरच्या जमिनीत दफन होत असे. १७९४ च्या सुमारास दफनभूमी बंद झाली. जमिनीचे भूखंड पाडून वाटप झालं. रस्ते आणि घरं यांसाठी सगळं एका पातळीत आणायचं म्हणून त्या उतारावर माती ओतली गेली. तळंही पुढच्या काही वर्षांत बुजवलं गेलं. काही ठिकाणी हा भराव पंचवीस फुटांपर्यंत आहे. एकोणिसाव्या शतकातलं तळघर दहा-बारा फूट खोल गेलं, तरी ते भरावातच संपत होतं. थडगी त्याच्याही खाली, आजच्या रस्त्यापासून सोळा फूट आणि त्याहून खोल, जशीच्या तशी राहिली.

ज्या मातीने ती जागा लोकांच्या नजरेआड केली, तिनेच ती राखली. जागेवर घरं बांधून नफा कमवायचा म्हणून ती माती टाकली होती, कोणाला काही जपायचं होतं म्हणून नव्हे. वारसा तपासणाऱ्या प्रत्येकाने यातून एक व्यावहारिक गोष्ट घ्यायला हवी: जुन्या नकाशाबरोबर जुनी पातळीही शोधायची. वर किती बांधलं गेलं, यापेक्षा मूळ जमीन किती खाली आहे, हे आधी विचारायचं.

तिथे कोण होते

डच वेस्ट इंडिया कंपनीने १६२० च्या दशकात पहिले गुलाम या वसाहतीत आणले. जंगलं तोडणं, रस्ते काढणं, तटबंदी उभारणं ही कामं त्यांच्याकडून करून घेतली. पुढे इंग्रजांचं राज्य आलं आणि गुलामगिरी आणखी कडक झाली. अठराव्या शतकाच्या मध्याला शहरातला साधारण दर पाचवा माणूस आफ्रिकी वंशाचा होता. अमेरिकेतल्या गुलामगिरीचं नाव काढलं की दक्षिणेतले कापसाचे मळेच डोळ्यांपुढे येतात. न्यूयॉर्क राज्यात ती ४ जुलै १८२७ ला संपली, हे कित्येक अमेरिकनांनाही ठाऊक नव्हतं. या दफनभूमीने सगळ्यात आधी हलवला तो हा समज.

१६९७ मध्ये ट्रिनिटी चर्चने आपल्या आवारात कृष्णवर्णीयांना पुरायला बंदी केली. त्यामुळे गावाबाहेरची ती सखल जमीनच त्यांची झाली. तिथे पाद्री नसे. आपल्या माणसाला आपल्याच माणसांनी निरोप द्यायचा. शहराच्या कायद्यांची नजर तिथेही होती. १७२२ मध्ये गुलामांचं दफन दिवसाउजेडीच करावं असा नियम झाला. १७३१ मध्ये अंत्ययात्रेला बाराहून जास्त माणसं नकोत, असं ठरलं. रात्रीच्या अंधारात गुलाम एकत्र जमले तर उठावाची बोलणी होतील, ही भीती त्यामागे होती. १७१२ मध्ये एक उठाव झालेलाही होता. जिवंतपणी ज्यांना एकत्र बसायची मुभा नव्हती, त्यांच्यासाठी मयत हाच एक जमण्याचा प्रसंग होता. तोही मोजून दिला गेला.

शेजाऱ्यांनीही त्या जमिनीची कदर केली नाही. जवळच्या कुंभारांच्या भट्ट्यांत बिघडलेल्या भांड्यांचे ढीग थडग्यांवर टाकले गेले. कातडी कमावणाऱ्यांकडची जनावरांची शिंगं-हाडंही तिथेच आली. १७४५ मध्ये शहराच्या रक्षणासाठी लाकडी तटबंदी घातली गेली, ती दफनभूमीच्या अंगावरून गेली. १७८८ मध्ये वैद्यकीचे विद्यार्थी शवविच्छेदनासाठी ताजी प्रेतं उकरून नेऊ लागले. तेव्हा शहरातल्या स्वतंत्र आणि गुलाम अशा दोन्ही कृष्णवर्णीयांनी नगरपरिषदेकडे लेखी अर्ज केला. त्याची दाद लागली नाही. काही आठवड्यांनी प्रेतं पळवल्याचा संताप गोऱ्या वस्तीतही पसरला आणि शहरात दंगल उसळली. इतिहासात ती ‘डॉक्टरांची दंगल’ म्हणून नोंदली गेली आहे. आधीचा तो अर्ज मात्र बराच काळ मागे पडला.

१९९२: खोदणं की थांबणं

सापडलेलं पटापट उकरून काढायचं आणि इमारतीचं काम पुढे न्यायचं, असा खात्याचा सुरुवातीचा पवित्रा होता. वेळेचं कारण पुढे केलं जात होतं. एका बाजूला पुरातत्त्वज्ञ ब्रशने माती झाडताहेत, तर दुसऱ्या बाजूला पाया भरण्याचं काम चालू आहे, अशी स्थिती होती. १९९२ च्या फेब्रुवारीत जुन्या आराखड्यावर विसंबून काम करणाऱ्या यंत्राने अनेक थडगी फोडली आणि त्या भागात काँक्रीट पडलं. ही बातमी फुटल्यावर शहरातले कृष्णवर्णीय नागरिक रस्त्यावर आले. जागेभोवती प्रार्थना झाल्या, रात्रभर जागरणं झाली, एक दिवस कामही अडवलं गेलं.

डेव्हिड डिंकिन्स हे शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर तेव्हा पदावर होते. राज्याच्या सिनेटमधले डेव्हिड पॅटरसन या प्रश्नाचा पाठपुरावा करत होते. तरी खोदकाम थांबलं ते पैशाची किल्ली असलेल्या माणसाने दम भरल्यावर. सरकारी इमारतींच्या निधीवर लक्ष ठेवणाऱ्या प्रतिनिधीगृहाच्या उपसमितीचे अध्यक्ष होते इलिनॉयचे खासदार गस सॅव्हेज. जुलै १९९२ च्या सुनावणीत त्यांनी खात्याला स्पष्ट सांगितलं, की हे असंच चालू राहिलं तर तुमचे पुढचे प्रकल्प माझ्यापुढे मंजूर होणार नाहीत. त्याच महिन्याच्या अखेरीस खोदकाम बंद झालं. ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश यांच्या सहीने कायदा झाला. उंच इमारतीला जोडून होणारा बैठा भाग रद्द झाला आणि स्मारकासाठी तीस लाख डॉलर ठेवले गेले. चौतीस मजली इमारत झालीच. पण तिच्या शेजारची जागा मोकळी राहिली आणि तिथली न उकरलेली थडगी तिथेच आहेत.

लोकांचा दबाव आणि अधिकाराची किल्ली या दोन्ही गोष्टी एकाच वेळी लागल्या. नुसत्या निदर्शनांनी यंत्र थांबलं नसतं, आणि निदर्शनं नसती तर सुनावणीच लागली नसती.

प्रश्न कोणी विचारायचे

तोवर ४१९ जणांचे अवशेष बाहेर आले होते. सुमारे साडेसहा एकरांच्या मूळ दफनभूमीत पंधरा हजारांच्या आसपास माणसं पुरली गेली असावीत, असा अंदाज सर्वसाधारणपणे दिला जातो. म्हणजे हे ४१९ हा त्यातला अगदी छोटा हिस्सा. तरीही वसाहतकाळातल्या आफ्रिकी माणसांचा एवढा मोठा समूह अभ्यासाला कधी मिळालेला नव्हता.

हे अवशेष कोणाच्या हाती द्यायचे, यावरून दुसरा वाद झाला. सुरुवातीला काम न्यायवैद्यक पद्धतीच्या चमूकडे होतं. सांगाडा कोणत्या वंशाचा, वय काय, स्त्री की पुरुष, मृत्यूचं कारण काय, अशी त्या पद्धतीची चौकट असते. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठातले मानववंशशास्त्रज्ञ मायकेल ब्लेकी यांनी त्याला आक्षेप घेतला. कवटीची मापं घेऊन ‘निग्रो’ असा शिक्का मारण्यात नवं काय कळणार? ही माणसं कुठून आली आणि कशी जगली, हे विचारायला हवं, असं त्यांचं म्हणणं होतं. वंशजांच्या समाजानेही तेच लावून धरलं. हॉवर्ड हे कृष्णवर्णीयांचं ऐतिहासिक विद्यापीठ. १९९३ मध्ये अवशेष तिथल्या प्रयोगशाळेत गेले.

ब्लेकींच्या चमूने आपले दोन मालक मानले: पैसे देणारं सरकार हा एक, आणि ज्यांचे पूर्वज या मातीत होते तो समाज हा दुसरा. नैतिक बाबतीत दुसऱ्याचा शब्द मोठा. लोकांशी बोलून चार प्रश्न ठरले. ही माणसं मुळात कुठली? त्यांच्या शरीराने काय सोसलं? आफ्रिकी असलेले ते अमेरिकेत येऊन कसे बदलत गेले? आणि गुलामगिरीला त्यांनी विरोध कसा केला? लोकभावनेने विज्ञानात ढवळाढवळ केली, अशी टीका काहींनी केली. मला ती पटत नाही. या चार प्रश्नांनी हाडांच्या जोडीला इतिहासाची कागदपत्रं, दातांचं रसायनशास्त्र आणि आफ्रिकेतल्या प्रथा हे सगळं एका मेजावर आणलं. जुन्या चौकटीत एवढी उत्तरं मिळालीच नसती.

हाडांनी सांगितलेलं

बहुतेकांना लाकडी पेटी मिळाली होती. बहुतेकांचं डोकं पश्चिमेकडे होतं. कफन बांधायला वापरलेल्या तांब्याच्या मिश्रधातूच्या बारीक टाचण्या कवटीपाशी सापडल्या. ज्यांना स्वतःच्या देहावरही हक्क नव्हता, त्यांनी आपल्या माणसासाठी पेटी मिळवली, कापड मिळवलं, नीट बांधून त्याला मातीत ठेवलं. ज्या समाजाला शहराने माणूस म्हणून मोजलं नाही, त्याने आपल्या मयतांना माणूस म्हणून वागवलं. हा पुरावा शेकडो थडग्यांत पुन्हा पुन्हा दिसतो.

वय ठरवता आलेल्यांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त मुलं होती. लहानपणी उपासमार किंवा मोठा आजार झाला की दाताच्या वरच्या थरावर आडव्या रेषा उमटतात. अशा रेषा ठिकठिकाणी दिसल्या. मोठ्यांच्या खांद्यांच्या, दंडांच्या हाडांवर स्नायू जिथे जोडले जातात त्या जागा अतिओझ्याने वाढलेल्या, काही ठिकाणी फाटलेल्या होत्या. मानेच्या आणि कंबरेच्या मणक्यांवर ताणाच्या खुणा होत्या. बायकांच्या हाडांवरही हे होतंच. शहरातली गुलामगिरी म्हणजे घरकामाची, तुलनेने सोपी, असं एक चित्र रंगवलं गेलं होतं. या हाडांपुढे ते टिकत नाही.

२५ क्रमांकाच्या थडग्यात विशीच्या सुरुवातीची एक तरुणी होती. तिच्या बरगड्यांत शिशाची बंदुकीची गोळी. चेहऱ्यावर जोराचा मार बसलेला, हाताचं हाड पिळवटून मोडलेलं, आणि ही मोड मृत्यूच्या वेळचीच. तिच्यावर गोळी कोणी झाडली, कशासाठी, याचा एकही कागद नाही. ब्लेकींच्या चमूने हे थडगं प्रतिकाराच्या प्रश्नाखाली वाचलं. कोणी तिचा हात धरून पिरगळला असेल, असं ते हाड पाहताना वाटतंच, पण तिथून पुढची गोष्ट रचायचा मोह आवरायला हवा. ३३५ आणि ३५६ हे क्रमांक एकाच थडग्याचे: एक तरुण स्त्री आणि तिच्या हाताच्या कोपऱ्यात नवजात बाळ.

आणि ३४०. ही स्त्री चाळीस ते साठीच्या दरम्यानची. पुढचे दात कानशीने घासून आकार दिलेले, आफ्रिकेत काही समाजांत तरुणपणी करत तसे. कंबरेभोवती शंभराहून जास्त मण्यांची माळ, त्यात कवड्याही. पश्चिम आफ्रिकेत बायका अशी माळ अंगावर, कपड्यांच्या आत घालत. समुद्रापार येताना अंगावरचं सारं हिरावलं जात असे. मग ती माळ आली कुठून? सोबत टिकली, की इथे मणी जमवून पुन्हा ओवली? याचं उत्तर नाही. ती घालूनच तिला पुरलं, म्हणजे ज्या बायकांनी तिला शेवटचं नेसवलं त्यांना त्या माळेचं महत्त्व ठाऊक होतं, एवढं नक्की.

‘मुळात कुठले’ या प्रश्नाला दातांनी चांगली वाट दाखवली. दाताचा वरचा थर बालपणी तयार होतो आणि नंतर बदलत नाही. त्यामुळे लहानपणी जिथलं अन्नपाणी मिळालं तिथली खूण त्यात राहते. स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्याच्या प्रमाणावरून त्या जमिनीचा अंदाज येतो. शिशाने वेगळीच मदत केली. वसाहतीतल्या शहरात शिसं रोजच्या वापरात होतं. त्यामुळे न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या मुलांच्या दातांत शिसं भरपूर, आणि आकार दिलेले दात असलेल्या मोठ्यांमध्ये कमी. कोण समुद्रापलीकडे वाढलं आणि कोण इथे, हे एका विषारी धातूने वेगळं करून दाखवलं.

एका पेटीवरचा आकार

या प्रकरणातला सगळ्यात गाजलेला तिढा म्हणजे १०१ क्रमांकाची पेटी. एका तरुण पुरुषाच्या पेटीच्या झाकणावर लोखंडी चुका, म्हणजे बारीक खिळे, ठोकून आकार काढलेला आहे. साधारण पत्त्यांतल्या बदामासारखा, आत वळणं घेतलेला. संशोधकांनी तो ‘संकोफा’ असावा असं सुचवलं. घाना आणि आयव्हरी कोस्टमधल्या अकान लोकांचं हे चिन्ह पूर्वजांच्या स्मरणाशी जोडलेलं आहे. आफ्रिकी खूण न्यूयॉर्कच्या मातीत टिकून राहिली, ही कल्पना लोकांच्या मनात लगेच रुजली. तोच आकार पुढे स्मारकाच्या दगडावर कोरला गेला.

२०१० मध्ये इतिहासकार एरिक सीमन यांनी याला हरकत घेतली. चुकांनी काढलेलं हृदय त्या काळी इंग्रजी आणि वसाहतींमधल्या पेट्यांवर सर्रास असे. संकोफाचं हे रूप अठराव्या शतकात होतं याचा पुरावा मिळत नाही. तेव्हा हे साधं हृदयच असण्याची शक्यता जास्त, असं त्यांनी मांडलं. पुराव्याच्या कसोटीवर मला सीमन यांची बाजू वजनदार वाटते. त्यामुळे स्मारकावरचं चिन्ह खोटं ठरतं, असं मी म्हणणार नाही. वंशजांनी ते चिन्ह विसाव्या शतकाच्या अखेरीस आपलं म्हणून निवडलं आणि तोही त्या दफनभूमीच्या इतिहासाचाच भाग झाला. मात्र चुका ठोकणाऱ्याच्या मनात काय होतं हे एक, आणि आपल्याला त्यात काय दिसतं हे दुसरं. दोन्हींच्या पाट्या वेगळ्या लावायला हव्यात.

परत मातीत

संशोधन बरीच वर्षं रेंगाळलं. निधीवरून खात्याशी सतत ओढाताण होत राहिली. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या सहा क्रमांकाच्या इमारतीतली पुरातत्त्वाची प्रयोगशाळा उद्ध्वस्त झाली. तिथे ठेवलेल्या वस्तूंच्या बऱ्याच पेट्या नंतर ढिगाऱ्यातून काढता आल्या. सांगाडे हॉवर्डमध्ये असल्याने वाचले.

२००३ च्या ऑक्टोबरमध्ये सगळे अवशेष पुन्हा पुरले गेले. त्यासाठी घानामध्ये हाताने कोरलेल्या लाकडी पेट्या आणल्या होत्या. एक पुरुष, एक स्त्री, एक मुलगा आणि एक मुलगी अशा चार पेट्या वॉशिंग्टनहून बाल्टिमोर, विल्मिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूअर्क असा मुक्काम करत निघाल्या आणि पाण्यातून वॉल स्ट्रीटच्या धक्क्याला लागल्या. १७११ पासून तिथेच गुलामांचा बाजार भरत असे. तिथून मिरवणुकीने त्या दफनभूमीत आल्या. सात उंचवट्यांखाली आज ते ४१९ जण आहेत. त्यांतल्या एकाचंही नाव आपल्याला कळलेलं नाही. २००६ मध्ये जागेला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला आणि २००७ मध्ये वास्तुरचनाकार रॉडनी लिऑन यांनी आखलेलं स्मारक खुलं झालं.

साडेसहा एकरांपैकी उरलेली दफनभूमी आजूबाजूच्या इमारती आणि रस्ते यांच्या खाली आहे. १९९३ मध्ये शहराने हा सगळा परिसर ऐतिहासिक क्षेत्र म्हणून जाहीर केला. आता तिथे खणायचं तर आधी शहराच्या वारसा आयोगाकडे जावं लागतं. २०२२ च्या अखेरीस देशपातळीवरही कायदा झाला. कृष्णवर्णीयांच्या जुन्या दफनभूमी शोधायला, त्यांच्या नोंदी करायला आणि त्या राखायला राष्ट्रीय उद्यान सेवेमार्फत अनुदान देण्याची तरतूद त्यात आहे. अशा कित्येक जागा अजून वाहनतळांखाली, शाळांच्या मैदानांखाली, महामार्गांच्या कडेला आहेत, आणि त्यांतल्या काहींची नावं जुन्या नकाशांवर लिहिलेलीच आहेत.